डेमलो स्थानकावरची संख्या

पालघर सोडून गाडी डहाणूकडे निघाली की उमरोळीनंतर बोईसर येते आणि डबा बराचसा रिकामा होतो. औद्योगिक वसाहतीत कामाला जाणारे उतरतात, तारापूरच्या अणुवीज केंद्राकडे जाणारे उतरतात. पुढे वाणगाव आणि मग डहाणू रोड. काही दिवसांपूर्वी बोईसर परिसरातील गणिताचे शिक्षक आणि नववी-दहावीची मुले यांच्याबरोबर एक दिवस घालवण्याचा योग आम्हाला आला. त्या दिवशी फळ्यावर एकच संख्या होती आणि संध्याकाळपर्यंत ती पुसावी लागली नाही.

सुरुवात अगदी साधी होती. फळ्यावर ओळीने नऊ वेळा १ लिहिला :

१११११११११

आणि या संख्येचा वर्ग काढायला सांगितला. मुलांनी साहजिकच यंत्रांकडे धाव घेतली. एका मोबाइलने १.२३४५६७९ आणि पुढे १० चा सोळावा घात असे काहीतरी दाखवले. दोन मुले शाळेच्या कार्यालयातल्या संगणकावर तक्त्याच्या प्रोग्रॅममध्ये गुणाकार करून आली आणि त्यांनी उत्तर मोठ्या अक्षरांत लिहिले : १२३४५६७८९८७६५४३००. उत्तर दिसायला झोकदार, आणि संगणकाने दिलेले. वर्ग गप्प झाला. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, शेवटी शून्य कसं येईल? एक गुणिले एक एकच ना?"

तिचे म्हणणे बरोबर होते. ज्या दोन संख्यांच्या शेवटी १ आहे त्यांच्या गुणाकाराच्या शेवटी १ च येणार. संगणकावरचा हा नेहमीचा प्रोग्रॅम संख्येचे पहिले १५ अंक सांभाळतो आणि उरलेल्या जागी शून्ये मांडतो. हिशेबाच्या रोजच्या कामाला तेवढे पुरते. मात्र शेवटची दोन शून्ये आपण भरीला घातली आहेत, हे तो सांगत नाही. त्यामुळे यंत्राचे उत्तर तपासायला शेवटचा अंक पाहण्याची जुनीच युक्ती कामी आली. मग सर्वांनी वह्या उघडल्या.

नऊ एकांपासून सुरुवात करण्याऐवजी तीन एक घेऊ. १११ ला १११ ने गुणायचे म्हणजे १११, १११० आणि १११०० यांची बेरीज करायची. प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एक घर डावीकडे सरकते. उजवीकडून पाहिले तर पहिल्या घरात एकच १ आहे, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन; त्यानंतर चौथ्यात दोन आणि पाचव्यात एक. म्हणून बेरीज १२३२१. चार एक घेतले तर १२३४३२१, पाच घेतले तर १२३४५४३२१. प्रत्येक घरात किती एक एकाखाली एक आले आहेत, एवढेच मोजायचे. नऊ एकांच्या गुणाकारात मधल्या घरात नऊ एक येतात आणि उत्तर मिळते :

१२३४५६७८९८७६५४३२१

या सगळ्या गुणाकारात कुठेही हातचा येत नाही, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. हातचा न येणे हेच या संख्येच्या देखणेपणाचे कारण आहे. पुढे त्याच्याकडे परत यायचे आहे.

संख्या सतरा अंकी आहे. आपल्याकडच्या पद्धतीने स्वल्पविराम दिले तर ती १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१ अशी दिसते. ती वाचायची कशी, हा प्रश्न निघालाच. कोटीपर्यंत सर्वांना येत होते, अब्जही काहींना माहीत होते. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (इ. स. ११५०) एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे दिली आहेत : एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकु, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. या नावांनी आपली संख्या वाचली तर ती होते १२ अंत्य ३४ शंकु ५६ निखर्व ७८ अब्ज ९८ कोटी ७६ लक्ष ५४ सहस्र ३२१. सतरावे स्थान 'मध्य', म्हणजे परार्धाला एकच पायरी कमी. एका शिक्षिकेने मुलांकडून हे वाचन एकसुरात म्हणवून घेतले. पाढे म्हणताना येते तशी मजा आली.

ही संख्या किती मोठी? सेकंदाला एक या वेगाने मोजत बसलो तर सुमारे ३९ कोटी वर्षे लागतील. सह्याद्रीचा काळा पाषाण ज्या लाव्हापासून झाला तो वाहिला त्याला सुमारे साडेसहा कोटी वर्षे झाली. त्याच्या सहापट काळ मोजत बसावे लागेल. आता दुसऱ्या बाजूने पाहू. बोईसरजवळ आहोत, तेव्हा उदाहरण तारापूरचेच घेऊ. युरेनियमच्या एका अणूचे विखंडन झाले की सुमारे २० कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा मिळते. आपल्या संख्येइतक्या अणूंचे विखंडन झाले तर सुमारे ३९५ किलोज्यूल. घरच्या भाषेत सांगायचे तर सव्वा लिटरहून थोडे अधिक पाणी साध्या तापमानापासून उकळीपर्यंत नेण्याइतकी ही उष्णता आहे. वर्गातल्या पाच-सात जणांचा चहा होईल. एवढ्या अणूंचे वजन भरते एका ग्रॅमच्या दोन लाखाव्या भागाइतके. तारापूरच्या ५४० मेगावॉट वीज देणाऱ्या अणुभट्टीत एवढी विखंडने सेकंदाच्या हजाराव्या भागाच्याही आत होतात. मोजणाऱ्याला ३९ कोटी वर्षे आणि भट्टीला डोळ्याची पापणीही लवत नाही इतका वेळ. संख्या तीच.

इतका वेळ मुलांना न सांगितलेली एक गोष्ट आता सांगितली. या जातीच्या संख्यांना नाव आहे आणि ते नाव देणारा माणूस इथून दोन स्थानके पुढे जन्मला. कोण, असे विचारले तेव्हा मुलांपैकी कुणाला सांगता आले नाही. शिक्षकांपैकी दोघांना आले.

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूला झाला. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाचा नाद होता. ज्योतिषाबद्दल काहीही मत असो, पत्रिका मांडायला आकडेमोड पुष्कळ करावी लागते, आणि मुलाला आकड्यांची गोडी तिथून लागली असावी. माध्यमिक शिक्षण ठाण्यात आणि पुढचे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात झाले. विद्यार्थिदशेतच, १९२७ साली, त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळाले. १९२९ साली ते पदवीधर झाले. त्यापुढचे रीतसर शिक्षण झाले नाही. १९३० पासून १९६२ पर्यंत ते नाशिकजवळ देवळालीला शाळेत शिक्षक होते. १९८६ साली ते वारले.

शाळेत शिकवणे आणि उरलेल्या वेळात अंकांशी खेळणे, असा त्यांचा आयुष्यभराचा क्रम होता. सापडलेल्या गोष्टींना ते मोठी हौसेने नावे देत. आपल्या संख्येच्या जातीला त्यांनी 'डेमलो संख्या' म्हटले. मुंबईपासून तीस मैलांवर, त्या वेळच्या जी. आय. पी. रेल्वेवर डेमलो नावाचे स्थानक होते. तेच आजचे डोंबिवली. या संख्यांचा अभ्यास करण्याची कल्पना त्यांना तिथे सुचली, म्हणून हे नाव. डोंबिवलीच्या फलाटावर उभे राहून आज कुणाला काही सुचत असेल तर ते गाडीत शिरायचे कसे एवढेच. पण तेव्हा गर्दी कमी होती. या संख्यांची उपपत्ती मांडणारा लेख त्यांनी गुंजीकर यांच्यासमवेत मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात १९३९ साली प्रसिद्ध केला.

डेमलो संख्या म्हणजे काय? संख्येचे तीन तुकडे करायचे, डावा, मधला आणि उजवा. मधल्या तुकड्यात एकच अंक, एकदा किंवा पुन्हा पुन्हा, आला पाहिजे आणि डाव्या-उजव्या तुकड्यांच्या बेरजेतही तोच अंक आला पाहिजे. १६५ पाहा : १ आणि ५ मिळून ६, मध्येही ६. २५५३ घ्या : २ आणि ३ मिळून ५, मध्ये ५५. आता आपली संख्या घेऊ. मधला ९ बाजूला ठेवला तर डावीकडे १२३४५६७८ आणि उजवीकडे ८७६५४३२१. यांची बेरीज ९९९९९९९९. सगळे नऊच. १२१, १२३२१, १२३४३२१ यांनाही हा नियम लागू पडतो. मुलांनी प्रत्येक करून पाहिले. १, १२१, १२३२१ अशा या ओळीला कापरेकरांनी 'अद्भुत डेमलो संख्या' असे वेगळे नाव दिले होते.

कापरेकरांनी नाव दिलेली आणखी एक जात 'हर्षद', म्हणजे हर्ष देणारी. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने नि:शेष भाग जातो ती हर्षद. आपल्या संख्येतील अंकांची बेरीज : १ ते ८ दोनदा म्हणून ७२, अधिक मधला ९, एकूण ८१. भाग जातो का? अंकांच्या बेरजेला ९ ने भाग जातो म्हणून संख्येला ९ ने जातो, हे सर्वांना पाठ असते. काही मुलांनी तोच नियम पुढे ओढला : बेरीज ८१, म्हणून ८१ ने भाग जाणार. इथे थांबावे लागले. १८९९९९९९९९ या संख्येच्या अंकांची बेरीजही ८१ च आहे, पण ९ ने भागल्यावर २११११११११ येतात आणि त्यांना ९ ने भाग जात नाही. तेव्हा नियम असा ओढता येत नाही. आपल्या संख्येला ८१ ने भाग जातो तो वेगळ्या कारणाने. नऊ एकांची बेरीज ९, म्हणून १११११११११ ला ९ ने भाग जातो, आणि म्हणून त्याच्या वर्गाला ९ च्या वर्गाने. उत्तर बरोबर होते, वाट चुकीची होती. वर्गात अशी वेळ आली की आम्हाला तरी बरे वाटते.

आता आपल्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने, ८१ ने, गुणून पाहा. ८१ म्हणजे ९ चा वर्ग, म्हणून गुणाकार होतो ९९९९९९९९९ चा वर्ग :

९९९९९९९९८००००००००१

हे अठरा अंक आहेत. 'लीलावती'तली सगळी स्थाने, परार्धासकट, भरली. आणि याच संख्येचे मधोमध दोन तुकडे करून बेरीज केली, ९९९९९९९९८ अधिक १, तर पुन्हा ९९९९९९९९९. ज्या संख्येच्या वर्गाचे असे दोन तुकडे करून बेरीज केल्यावर मूळ संख्या परत मिळते तिला आज जगभर 'कापरेकर संख्या' म्हणतात. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० अधिक २५ बरोबर ४५. ५५ चा वर्ग ३०२५, ३० अधिक २५ बरोबर ५५. २९७ चा वर्ग ८८२०९, ८८ अधिक २०९ बरोबर २९७.

असे का होते ते पाहणे अवघड नाही. वर्गाचा डावा तुकडा 'अ' आणि उजवा, दोन अंकी, तुकडा 'ब' धरा. वर्ग म्हणजे १०० अ + ब, आणि मूळ संख्या अ + ब. वजा केले तर ९९ अ उरतात. म्हणजे वर्गातून संख्या वजा केल्यावर ९९ ने भाग गेला पाहिजे. ४५ साठी २०२५ वजा ४५ म्हणजे १९८०, आणि १९८० म्हणजे ९९ गुणिले २०. नऊची कसोटी लावताना आपण एकेक अंक मिळवतो, इथे दोन-दोन अंकांचे तुकडे मिळवतो, तत्त्व एकच.

संख्येचे अवयव पाडण्याचा उद्योगही झाला. १११११११११ = ९ × ३७ × ३३३६६७. यातली ३३३६६७ ही मूळ संख्या आहे. म्हणून आपल्या संख्येत ३ चार वेळा, ३७ दोनदा आणि ३३३६६७ दोनदा येतात, आणि तिचे एकूण विभाजक ५ × ३ × ३ म्हणजे ४५. एकापासून नवापर्यंतची बेरीज ४५, आणि ४५ ही वर आलेली कापरेकर संख्या! एका उत्साही शिक्षकांना यात काही गूढ दिसले. आम्हाला ते दिसत नाही. ८१ ने भाग जाण्यामागे कारण होते, ते सांगता आले. ४५ विभाजकांमागे तसे कारण आम्हाला सापडले नाही, म्हणून तो योगायोग मानून पुढे गेलो. गमतींमध्ये ही निवड करता येणे महत्त्वाचे आहे, नाही तर अंकगणिताचे अंकज्योतिष व्हायला वेळ लागत नाही.

या निवडीसाठी कापरेकरांचीच सर्वांत प्रसिद्ध संख्या चांगली उपयोगी पडली. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या. अंक उतरत्या क्रमाने लिहून त्यातून चढत्या क्रमाने लिहिलेली संख्या वजा करा. उत्तरावर तेच पुन्हा करा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते आणि मग तेच येत राहते. कापरेकरांना हे १९४६ साली सापडले आणि १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ते मांडले. मुलांना आम्ही कापरेकरांचे जन्मवर्ष १९०५ घ्यायला सांगितले. ९५१० वजा ०१५९ बरोबर ९३५१. मग ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि ६१७४. पुऱ्या सात पायऱ्या. पालघर जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ रोजी, त्याआधी डहाणू ठाणे जिल्ह्यात होते. २०१४ घेतले तर ४०८६, ८१७२ आणि पुढे तीच वाट, पुन्हा सात. मद्रासच्या परिषदेचे १९४९? तेही सात. वर्गात एकच गलका झाला. मग आम्ही सांगितले की ६१७४ कडे जाणाऱ्या ८९९१ चार अंकी संख्यांपैकी १९८० ना सात पायऱ्या लागतात, म्हणजे साधारण पाचांत एकीला. आणि तारापूरचे केंद्र ज्या वर्षी वीज देऊ लागले ते १९६९ घेतले तर पाचच लागतात. सोयीची वर्षे आधी सांगितली आणि गैरसोयीचे मागून, एवढीच ती जादू होती. प्रत्येक संख्या ६१७४ ला पोचते ही मात्र जादू नव्हे आणि योगायोगही नव्हे, ती सिद्ध करता येते.

कापरेकरांच्या वाट्याला या फरकामुळेच बरीच उपेक्षा आली. देशातील अनेक गणितज्ञांना त्यांचे काम क्षुल्लक वाटे. त्यात सगळे अन्याय्य होते असे म्हणता येणार नाही. त्यांच्या कित्येक गमती दशमान लेखनावर अवलंबून आहेत. दुसरा पाया घेतला की ६१७४ राहत नाही. पण मग डेमलो संख्यांचे काय? आठच्या पायावर सात एकांचा वर्ग काढला तर १२३४५६७६५४३२१ च मिळते. बाराच्या पायावर अकरा एकांपर्यंत ओळ तशीच चढते आणि उतरते. तिथे दहा आणि अकरा यांसाठी दोन नवी चिन्हे लागतील, एवढेच. म्हणजे चढउतार ही दहाची मिरास नाही. एकेक घर सरकवून केलेल्या बेरजेचा तो गुण आहे. पाया फक्त हातचा कधी येणार ते ठरवतो. ज्यांना क्षुल्लक म्हटले त्यांतल्या सगळ्या गोष्टी सारख्या क्षुल्लक नव्हत्या, आणि कापरेकरांनी त्या वेगळ्या करून पाहण्याची सोय आपल्याला करून दिली. ते पदरमोड करून पुस्तिका छापत, परिषदांना स्वत:च्या खर्चाने जात. मार्टिन गार्डनर यांनी मार्च १९७५ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा सत्तरीच्या या निवृत्त शिक्षकाची ओळख बाहेरच्या जगाला झाली.

अशा संख्यांचे कौतुक आपल्याकडे नवे नव्हतेच. राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, इ. स. ८५० च्या सुमारास, महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रह' लिहिला. गळ्यातल्या माळेसारख्या, दोन्हीकडून सारख्या दिसणाऱ्या गुणाकारांची उदाहरणे त्यात आहेत. १३९ × १०९ = १५१५१ हे एक. आणि सहा एकांचा वर्ग, १२३४५६५४३२१, तोही आहे. तिचे वर्णन महावीराचार्य एकापासून सहापर्यंत चढणारी आणि मग क्रमाने उतरणारी संख्या असे करतात. वर्गाऐवजी २७९९४६८१ × ४४१ असा गुणाकार घालून ही माळ लपवता येते. दोन्ही संख्या वर्ग आहेत, ५२९१ आणि २१ यांचे, आणि ५२९१ × २१ म्हणजे १११११११. अंक मोजून पाहा. घाईने लिहिताना आमच्या हातून फळ्यावर एक १ जास्त पडला, तसाच तो आत्ता इथेही पडला आहे. हवेत सहा, आहेत सात. शेवटच्या अंकाची युक्ती इथे कामाची नाही, अंक मोजावेच लागतात.

दुपारनंतर प्रश्न आला तो आम्हाला अपेक्षितच होता. नऊ एक झाले, आता दहा एक घेतले तर? मधल्या घरात दहा येणार, आणि आता हातचा येणार. तो सांभाळून सर्वांनी गुणाकार केला :

१२३४५६७९००९८७६५४३२१

माळ तुटली. उजवीकडून नऊपर्यंत ती जशीच्या तशी आहे. त्यानंतरच्या घरात दहा एक, म्हणून ० आणि हातचा १. पुढच्या घरात नऊ, हातच्यासह दहा, पुन्हा ० आणि हातचा १. त्यापुढे आठ, हातच्यासह नऊ, आणि इथे हातचा संपला. म्हणून डाव्या बाजूला ७ नंतर एकदम ९ येतो आणि ८ नाहीसा होतो. आठ गाळलेली १२३४५६७९ ही संख्या पुष्कळांच्या ओळखीची असेल : ९ ने गुणले की नऊ एक, १८ ने गुणले की नऊ दोन, २७ ने गुणले की नऊ तीन. १ ला ८१ ने भागत गेले तर ०.०१२३४५६७९०१२३४५६७९... असे येते, तिथेही आठ नाही. कोड्यांच्या पुस्तकांत हा हरवलेला आठ नुसताच दाखवून सोडून देतात. तो हरवतो तो याच हातच्यामुळे. नऊनंतर दहा लिहायला एक घर पुरत नाही, मागच्या घराला टेकू द्यावा लागतो आणि त्या ढकलाढकलीत आठाचा नऊ होतो.

माळ तुटल्याचे मुलांना वाईट वाटले. तेवढ्यात सकाळी शून्यांवर बोट ठेवणाऱ्या मुलीने उजवीकडचे दहा अंक वेगळे काढले आणि उरलेल्यात मिळवले :

१२३४५६७९० + ०९८७६५४३२१ = ११११११११११

दहा एक परत आले. म्हणजे डेमलोचा नियम जिथे मोडला तिथेच कापरेकर संख्या सापडली. नऊ एकांच्या वेळी तसे झाले नव्हते. उजवीकडचे नऊ अंक वेगळे करून मिळवले तर १२३४५६७८ अधिक ९८७६५४३२१, म्हणजे ९९९९९९९९९ येतात, मूळ संख्येच्या नऊपट.

दहालाच का? आधी काढलेले कारण लावून पाहू. वर्गातून संख्या वजा केली की दहा नवांच्या संख्येने भाग गेला पाहिजे. दहा नऊ म्हणजे दहा एकांची नऊपट. वर्गातून संख्या वजा करणे म्हणजे संख्येला तिच्याहून एकाने लहान संख्येने गुणणे. त्यात दहा एक आधीच आहेत, तेव्हा उरला प्रश्न एवढाच की ११११११११११ मधून १ वजा केल्यावर ९ ने भाग जातो का. ११११११११११ वजा १ म्हणजे १११११११११०, अंकांची बेरीज ९. जातो. नऊ एकांतून १ वजा केला तर बेरीज ८ राहते, म्हणून तिथे जमत नव्हते.

मग अशी पुढची संख्या किती एकांची, हे मुलांनीच सांगितले : एकोणीस. तिच्या वर्गात सदतीस अंक येतात. फळ्यावर जागा नव्हती, म्हणून दोन वह्यांची पाने जोडून गुणाकार सुरू झाला, आणि आमची परतीची गाडी आली तेव्हा तो चौदाव्या घरापर्यंत पोचला होता.